फिशटँकची घरगुती सजावट: दगड, मडके की करवंटी?

फिशटँकची सजावट विकत न आणता घरीच करायची असे ठरले, की वडोदऱ्यात तीन वस्तू सहज हाताशी येतात: दगड, कुंभाराचे मातीचे भांडे आणि नारळाची करवंटी. त्यांतून निवड करताना ती वस्तू पाण्यात काय सोडते, हे तिच्या दिसण्याआधी पाहावे लागते. कारण दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद व उंच अशा पेटीत काठोकाठ भरले तरी जेमतेम ५६ लिटर पाणी मावते, आणि एवढ्या पाण्यात थोडीशी चूकही माशांना जाणवते.

दगड कुजत नाही आणि बहुधा फुकट मिळतो, तरीही तिन्हींत सर्वाधिक फसवा तोच. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत आणि फेस आला तर तो वापरू नये, असे सर्रास सांगितले जाते. चुनखडीच्या बाबतीत ते बरोबर आहे. परंतु आपल्या शेजारच्या छोटा उदेपूर भागात डोलोमाइटच्या, म्हणजे चुनखडीच्याच जातीच्या दगडाच्या, खाणी आहेत आणि हा दगड थंड, सौम्य आम्लाला चटकन दाद देत नाही. तिकडून आणलेला, खडीसाखरेसारखा दिसणारा एक शुभ्र तुकडा मी अशीच परीक्षा घेऊन निर्धास्तपणे पाण्यात ठेवला होता. पुढे पाण्याचा पीएच, म्हणजे ते आम्लधर्मी की क्षारधर्मी हे सांगणारा आकडा, हळूहळू वर सरकू लागला, तेव्हा तो बाहेर काढून खिळ्याने खरवडला, चिमूटभर भुकटी स्टीलच्या ताटलीत घेतली आणि तिच्यावर व्हिनेगर सोडले. थोड्याच वेळात भुकटीच्या कडेने बारीक बुडबुडे उठू लागले. तेव्हापासून मी दगड खरवडूनच तपासतो. याउलट काळा बसाल्ट, म्हणजे बांधकामावरची नेहमीची काळी खडी, पाण्यात जवळपास काहीच सोडत नाही. मात्र तिच्यातील पांढऱ्या शिरा कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाच्या, असू शकतात आणि तिच्या धारदार कडा तळ उकरणाऱ्या गोल्डफिशच्या तोंडाला लागतात, म्हणून गुळगुळीत गोटे बरे. दगड स्वच्छ करण्यासाठी उकळू नये. आत अडकलेले पाणी तापून तो फुटू शकतो. साबण न लावता ब्रशने घासून वरून कढत पाणी ओतणे पुरेसे आहे.

पहिल्याच सजावटीसाठी विचाराल, तर मी मातीचे भांडे सुचवीन. भाजलेली माती पाण्याचे गुण सहसा बदलत नाही, आणि तिच्या सच्छिद्र पृष्ठभागावर माशांच्या विष्ठेतील अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू चांगले वस्ती करतात. संक्रांतीची सुगडी घरात असतातच. शिवाय नवरात्रीपूर्वी कुंभाराकडे मिळणारा भोकांचा गरबा, म्हणजे आत दिवा ठेवायचे मातीचे मडके, तर माशांना लपण्यासाठीच घडवल्यासारखा दिसतो. पूजेतला गरबा यासाठी घेणे कोणाच्याही मनाला पटणार नाही, आणि त्यावरचे रंग, आरसे व डिंक पाहता घेऊही नये. कुंभाराकडून कोरा, न रंगवलेला मागून घ्यावा. चकचकीत झिलईचे भांडेही टाळावे, कारण झिलईत शिसे असू शकते. भांडे दोन दिवस भिजवून अंगठ्याने चोळावे; बोटाला चिखल लागला तर भाजणी कच्ची आहे. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासाव्यात. भोक एक तर माशाचे डोके शिरणार नाही इतके लहान असावे किंवा तो आरामात आरपार जाईल इतके मोठे. मधल्या मापात मासा अडकतो.

करवंटी सर्वांत स्वस्त, पण सर्वांत अल्पायुषी. आतले खोबरे कणभरही राहिले तर ते कुजते, म्हणून ती खरवडून, पाणी बदलत दोन-तीन वेळा उकळावी लागते. तरीही तिच्यातील टॅनिनमुळे पाणी फिक्या चहासारखे होते. टेट्रासारख्या मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्यातल्या माशांना ते मानवते, आणि झिंगे तिच्यावरची बुळबुळ आवडीने खातात. काचेसारखे स्वच्छ पाणी हवे असणाऱ्याने मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

मॉली आणि गप्पी क्षारयुक्त पाण्यात खूश असतात, त्यामुळे संशयास्पद दगड त्यांच्या पेटीत खपून जातो. टेट्राच्या पेटीत तो खपत नाही. गणपतीच्या मखरातला प्लास्टर ऑफ पॅरिसचा डोंगर मात्र कोणत्याच पेटीत नको, कारण ते पाण्यात विरघळत राहते.

दगड किंवा खापऱ्या एकमेकांना जोडायच्या असतील तर साधे, शंभर टक्के सिलिकॉन वापरावे. बाथरूमसाठी विकल्या जाणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते आणि ते माशांना घातक ठरते. जोड निदान दोन दिवस वाळू द्यावा, आणि त्यानंतरही नाकाशी धरल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर तो आणखी काही दिवस बाहेरच राहू द्यावा.