लँडलॉर्ड की लंडन प्राइड? इंग्लंडमधल्या पबात पहिला पाइंट निवडताना

इंग्लंडला जाऊन एकदा तरी रिअल एल, म्हणजे पिंपातच मुरणारी पारंपरिक बिअर, प्यायची असेल, तर यॉर्कशरची टिमोथी टेलर्स लँडलॉर्ड आणि लंडनची फुलर्स लंडन प्राइड ही दोन नावं समोर येतीलच. पिंपातल्या लँडलॉर्डमध्ये अल्कोहोल 4.3 टक्के, प्राइडमध्ये 4.1. नशेच्या हिशोबात दोघी सारख्याच. फरक आहे चवीत, आणि त्याहून जास्त पबवाल्याच्या हातगुणात.

रिअल एलचं पिंप ब्रुअरीतून निघतं तेव्हा आतलं यीस्ट जिवंत असतं. पबच्या तळघरात 11 ते 13 अंशांना ती पुन्हा आंबते आणि वरून गॅस न भरता हँडपंपाने ओढून दिली जाते. थंडगार लागर बिअरची सवय असेल तर पहिला घोट कोमट वाटेल. थांबा जरा, सगळे वास याच तापमानाला सुटतात.

लँडलॉर्ड येते कीथलीहून. 1858 पासूनची ही ब्रुअरी आजही स्वतःच्या नोल झऱ्याचं पाणी वापरते. गोल्डन प्रॉमिस जातीचं जव आणि त्यावर स्टिरियन गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं. नाकाला लिंबाची साल आणि सुकं गवत, मग मधासारखी हलकी गोडी, आणि घोट उतरल्यावर मागे राहणारा कोरडा, स्वच्छ कडवटपणा. तो कडवटपणाच पुढचा घोट मागतो. 1971 पासून रिअल एलसाठी झटणाऱ्या ‘कॅमरा’ या संघटनेने तिला चार वेळा ब्रिटनची सर्वोत्तम बिअर ठरवलं, ते उगाच नाही. इंग्लंडच्या उत्तरेत नळाला बारीक छिद्रांची तोटी लावतात. त्याने फेस दाट सायीसारखा येतो आणि कडवटपणाची धार थोडी बोथट होते.

प्राइड लंडनमधल्या चिझिकच्या ग्रिफिन ब्रुअरीत बनते. 2019 मध्ये ही ब्रुअरी जपानच्या असाही या बिअर कंपनीकडे गेली, पण जागा तीच. रंग तांब्याचा, चवीला टॉफी आणि संत्र्याच्या सालीचा मुरंबा, शेवट गोलसर. कडू फारसं आवडत नसेल तर हीच घ्या.

माझं मत विचाराल तर लँडलॉर्ड सरस. पण तिचं यीस्ट खोडकर असतं. तळघरात पुरेसे दिवस मुरू न देता पिंप उघडलं, तर तिची सगळी नजाकत जाते. प्राइड त्या मानाने सोशिक. म्हणून अनोळखी पबात, विशेषतः लंडनमध्ये, प्राइड घ्या. यॉर्कशरमध्ये गर्दीच्या पबात असाल तर डोळे झाकून लँडलॉर्ड. गर्दी महत्त्वाची, कारण उघडलेलं पिंप साधारण तीन दिवसांत संपायला हवं.

चव बघायला घोटभर मागा, बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती घेऊ नका. शाकाहारी असाल तर आधी विचारा: पिंपातली एल नितळ करायला परंपरेने माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरतात. आणि बाटलीवरून पारख करू नका. बाटलीतल्या या दोन्ही गाळलेल्या असतात, प्राइड तर तिथे 4.7 टक्क्यांची असते.