टीटीचा माउंटन कोर्स: बेळगावकडच्या रेसवेड्यांसाठी परीक्षण

टीटी, म्हणजे टुरिस्ट ट्रॉफी ही रस्त्यावरची मोटारसायकल रेस, बघायला ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावर जायचं ठरलं की बहुतेक जण आधी तारखा बघतात, मग विमान, मग खोली. नकाशा उघडतात तो बोटीत बसल्यावर. आमचं म्हणणं असं की सुरुवात नकाशापासून करा. माउंटन कोर्स म्हणजे बेटाच्या उत्तर भागाला घातलेला ६०.७ किलोमीटरचा वेढा. रेससाठी रस्ते बंद झाले की या वेढ्याच्या आतली गाडी बहुतेक आत राहते आणि बाहेरची बाहेर. मध्येच 'जरा तिकडं जाऊन बघू' असं चालत नाही. ओलांडायच्या वाटा मोजक्याच, काही ठिकाणी पादचारी पूल आहेत, बाकी रस्ता उघडेपर्यंत तुम्ही जिथं आहात तिथंच. डग्लस या राजधानीचा बाजारभाग, बंदर, विमानतळ, पील, लॅक्सी हे सगळं बाहेर. बाल्डविनचं खोरं आणि सल्बीचा जलाशय आत. संध्याकाळची बोट असेल तर बाहेरची बाजू सोडू नका. वेळापत्रक तासन् तास पुढं सरकतं, आणि आत अडकलेल्या माणसासाठी बोट थांबत नाही.

एका फेरीचं अंतर डोक्यात बसायला हवं. बेळगावातून निघायचं, संकेश्वर मागं टाकायचं आणि निपाणीच्या दिशेनं आणखी थोडं जायचं, तेवढी एक फेरी. महामार्ग मात्र नाही. दगडी कुंपणं, घरांचे उंबरे, चर्चची भिंत, विजेचे खांब यांच्यामधून जाणारा दुपदरी गावरस्ता. त्यावर पीटर हिकमननं २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूवर ताशी १३६.३५८ मैलांची सरासरी काढली, म्हणजे सुमारे २१९ किलोमीटर. एका फेरीला सतरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. स्वार एकेक करून दहा-दहा सेकंदांनी सुटतात, त्यामुळे तुमच्यासमोरून पहिला गेलेला पहिल्या नंबरवर असेलच असं नाही. मॅन्क्स रेडिओ या बेटावरच्या केंद्राचं समालोचन कानात नसेल तर रेस कळत नाही. छोटा रेडिओ आणि इअरफोन घेतल्याशिवाय खोलीतून निघू नका. डोंगरावर मोबाइलच्या भरवशावर राहणं बरं नाही.

हे सगळं या बेटावर का सुरू झालं? ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्यानं ताशी २० मैलांची मर्यादा आली आणि रेससाठी सार्वजनिक रस्ते बंद करायला तिथं परवानगी नव्हती. बेटाची स्वतःची संसद आहे, टिनवाल्ड. तिनं १९०४ मध्ये ती दिली. पहिली टीटी १९०७ ची, सेंट जॉन्सच्या छोट्या कोर्सवर. सिंगल सिलिंडरमध्ये मॅचलेसवर चार्ली कॉलियर जिंकला, दोन सिलिंडरमध्ये नॉर्टनवर रेम फाउलर. ही नॉर्टन २०२० पासून टीव्हीएसच्या मालकीची आहे, हे म्हैसूरच्या कारखान्यातून आलेल्या गाड्या चालवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी लक्षात ठेवावं. डोंगरावरचा कोर्स १९११ पासून. १९४९ ते १९७६ टीटी जागतिक अजिंक्यपद मालिकेत होती.

आता मुख्य गोष्ट. हा कोर्स वर्षातला बहुतेक काळ साधा वाहता रस्ता आहे. तिकीट नाही, फाटक नाही. म्हणून रेसच्या आधी निदान एक दिवस रस्त्यालाच द्या. पहाटे लवकर, गाडीनं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, म्हणजे रेस जाते त्याच दिशेनं. डावीकडून चालवायची सवय आपल्याला आहेच. धोका वेगळाच आहे: हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ बघून बघून रेसची लाइन, म्हणजे वळणातून सर्वांत वेगानं जायची वाट, पाठ झालेली असते, आणि ती लाइन समोरून येणाऱ्याच्या पट्ट्यातून जाते. आपल्याच पट्ट्यात राहा. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसली की तिथं वेगमर्यादा संपते, पण गावात शिरताच ती परत लागू होते आणि पोलीस ती पाळायला लावतात. टीटीच्या काळात रॅम्झी गावापासून क्रेग-नी-बा या वळणापर्यंतचा डोंगररस्ता एकदिशा करतात. एरवी तो दोन्ही बाजूंनी वाहता असतो.

काही ठिकाणी गाडी लावून पायी चाला. ब्रे हिलचा उतार टीव्हीवर सपाट दिसतो; तिथं उभं राहिलं की तळाशी सस्पेन्शन पूर्ण का दबतं ते कळतं. बरॅगॅरोच्या तळाला घराच्या कोपऱ्याशी रस्ता खड्ड्यासारखा खोल जातो, तिथं गाडीचं पोट डांबराला घासतं. म्हणून इथं सेटिंग करताना सपाट ट्रॅकचा हिशेब लावता येत नाही: स्प्रिंग फार कडक ठेवली तर सल्बीच्या सरळ पट्ट्यावरच्या उंचवट्यांवर चाक हवेत राहतं आणि मागचा टायर फिरून तापतो, फार मऊ ठेवली तर बरॅगॅरोत पोट आपटतं. बॅलाफच्या पुलावर दोन्ही चाकं उडतात. उडताना थ्रॉटल उघडा राहिला तर इंजिन एकदम चढतं, आणि चाक जमिनीला टेकताच तो सगळा झटका साखळी आणि गिअरबॉक्सवर येतो. बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घासणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. बंगलो नावाच्या जागी ट्रामचे रूळ कोर्स ओलांडतात. पावसात ते किती निसरडे होतात ते बुटानं चाचपून बघा. तिथंच जोई डनलपचा पुतळा आहे, टीटीच्या २६ विजयांचा धनी.

रेस कुठून बघावी? पहिल्यांदा जाणाऱ्यानं क्रेग-नी-बा. केट्स कॉटेजकडून उतरणारी गाडी लांबून दिसते, ब्रेक लागताना मागचं चाक हलकं होतं ते दिसतं, मग उजवं वळण आणि ब्रँडिशकडं सुसाट. मागंच पब आहे, स्वच्छतागृह आहे. वेग अंगावर घ्यायचा असेल तर ब्रे हिल, पण जागा थोडी आणि लोक पहाटेपासून येऊन बसतात. बॅलाफच्या पुलाची शिफारस आम्ही करत नाही. उडीचा फोटो छान येतो, पण तिथं वेग कमी असतो, गर्दी प्रचंड आणि दिसतो फक्त एक क्षण. सराव सत्रात जाऊन फोटो काढा, रेसचा दिवस त्यावर घालवू नका. गूझनेक मात्र आमच्या फार आवडीचं: चढावरचं हळू उजवं वळण, स्वाराचा गुडघा, गिअर, क्लच सगळं जवळून दिसतं. रॅम्झीहून चालत चढायचं तर दमछाक होते, पाणी बरोबर ठेवा.

गाडी नसलेल्यांसाठी उत्तम वाट ट्रामची. डग्लसहून लॅक्सीमार्गे रॅम्झीला जाणारी मॅन्क्स इलेक्ट्रिक रेल्वे कोर्सच्या बाहेरून जाते, त्यामुळे रस्ते बंद झाल्यानं ती अडत नाही. लॅक्सीला उतरून १८९५ ची स्नेफेल माउंटन रेल्वे पकडली की थेट बंगलोला. त्या दिवसाच्या वेळा आदल्या संध्याकाळी बघून ठेवा.

हवामानाला कमी लेखू नका. कोर्सचा सर्वांत उंच भाग फक्त ४२२ मीटर. ७०० मीटरच्या वर राहणाऱ्या बेळगावकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण समुद्रावरून आलेला ढग थेट तिथं टेकतो. डोंगरावर धुकं असेल तर जखमीला उचलणारं हेलिकॉप्टर उडू शकत नाही आणि रस्त्याकडेला झेंडे घेऊन उभ्या मार्शलना एकमेकांचे झेंडे दिसत नाहीत, म्हणून डग्लसमध्ये लख्ख ऊन असतानाही रेस थांबते. २०२५ मध्ये तर हवामानापायी सिनिअर टीटी ही मुख्य रेसच रद्द झाली. त्यामुळे फक्त शेवटच्या दोन दिवसांचं नियोजन करणं म्हणजे पैसे पाण्यात घालण्याची तयारी. मध्ये राखीव दिवस हवाच. जूनमध्येही वारा झोंबतो. जर्किन, कानटोपी, रेनकोट तिन्ही लागतात.

टीटी की मॅन्क्स ग्रां प्री? आमचा कौल ऑगस्टअखेरच्या मॅन्क्स ग्रां प्रीला. कोर्स तोच, गर्दी कमी, खोली मिळण्याची शक्यता जास्त, आणि जुन्या गाड्या. बुलेट, येझदी, राजदूत उघडून बसणाऱ्या माणसाला सिंगल सिलिंडर नॉर्टनचा किंवा मॅचलेसचा आवाज डोंगरावरून खाली येताना ऐकणं ही मोठी मेजवानी आहे. ग्रँडस्टँडमागच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या आवारात, मोकळेपणी फिरता येतं. अॅमल कार्ब्युरेटरचे मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छोट्या नळ्या, बदलणारे लोक शांतपणे बघा. रॅम्झी जवळजवळ समुद्रसपाटीला आणि ब्रँडीवेल ४२२ मीटरवर. खालच्या हवेला बरोबर बसलेला जेट वर थोडा जास्त पेट्रोल देतो, आणि वरच्या हवेला बसवलेला जेट सल्बीच्या लांब फुल थ्रॉटलवर कमी पडून पिस्टनचं टाळकं जाळतो. म्हणून जरा जास्त पेट्रोल देणारा जेट पसंत करतात आणि डोंगरावर थोडी ताकद सोडतात. ड्रेन प्लग, ऑइल फिल्टर, कॅलिपरचे बोल्ट यांना तारेनं कसं बांधतात तेही बघून घ्या. ती तार अशी ओढलेली असते की बोल्ट सैल व्हायला लागला तर ती त्याला उलट आवळते. आपल्याकडं घाटातल्या लांब राइडला हीच युक्ती कामी येईल.

मृत्यूबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. या कोर्सवर आजवर अडीचशेहून जास्त स्वार गेले आहेत. प्रेक्षकांसाठी निषिद्ध जागांच्या पाट्या असतात, त्या तंतोतंत पाळा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, रस्त्यापेक्षा खालच्या जागी किंवा कुंपणावर पाय सोडून बसू नका. घसरलेली गाडी तिकडंच येते. मार्शल हे स्वयंसेवक असतात, त्यांनी उठ म्हटलं की उठायचं.

कागदपत्रं. बेट युनायटेड किंगडमचा भाग नाही, पण ब्रिटनचा पर्यटक व्हिसा तिथं चालतो. अर्ज पुण्यातून किंवा बंगळूरहून करता येतो, आणि त्यात बेटावर जाणार असल्याचं लिहा. गाडी भाड्यानं घ्यायची तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्याच आरटीओतून काढा, केए-२२ असो वा केए-२३. तो एक वर्ष चालतो. भाड्याची मोटारसायकल मिळणं अवघड, गाडी आधी राखून ठेवा. प्रवास विम्यात आयल ऑफ मॅनचं नाव आहे का ते वाचा, ब्रिटनच्या नावावर गृहीत धरू नका. सिमकार्डाचंही तसंच: ब्रिटनच्या पॅकमध्ये हे बेट येईलच असं नाही. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, तेव्हा कुंदा घरीच राहू द्या. शेंगाची चटणी, तेलात परतलेला चिवडा, बिनतुपाच्या भाकऱ्या बरोबर असल्या की कुंपणापाशी सहा तास बसणं सोपं जातं.

राहणं हाच या सहलीचा कच्चा दुवा. टीटीच्या काळात हॉटेलं फार आधी भरतात आणि दर चढतात. दोन वाटा उरतात: होमस्टे योजनेत स्थानिकांच्या घरी खोली, किंवा क्लबांच्या मैदानांवर तंबू. आमची पसंती होमस्टेला. घरमालकाला कुठली गल्ली कुठं निघते, कुठल्या शेतातून बघायला देतात हे ठाऊक असतं. बोट इंग्लंडमधल्या हेशम बंदराहून सुमारे पावणेचार तासांत डग्लसला पोचते. वाहनासह जागा मिळणं कठीण, पायी प्रवाशाला तुलनेनं सोपं. आधी बोट किंवा विमान पक्कं करा, मग खोली, मग मुंबईहून पुढचं तिकीट. परतताना मॅन्क्स पौंडाच्या नोटा बेटावरच खर्चून टाका किंवा बदलून घ्या. किंमत ब्रिटिश पौंडाइतकीच असली तरी लंडनमधला दुकानदार त्या सहसा घेत नाही.