डीआर-४०एक्स म्हणून साधा डीआर-४० गळ्यात मारला, १२,१५० रुपये गेले

जुना रेकॉर्डर घ्यायच्या विचारात असाल, त्यातही आपल्या खान्देशात अहिराणी गाणी करणारे असाल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा.

मला दोन कामांना एकच मशीन हवं होतं. श्रावणात कानबाईच्या रोटांना (कानबाई म्हणजे खान्देशातली देवी, रोट म्हणजे तिचा सण) बाया जी गाणी म्हणतात ती जागेवर रेकॉर्ड करायची, आणि घरी तेच मशीन यूएसबीने लॅपटॉपला जोडून कंडेन्सर माइकवर आवाज घ्यायचा. वेगळा इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात घेणारं यंत्र, घेण्याइतके पैसे नव्हते. टॅस्कॅमचा डीआर-४०एक्स हे दोन्ही करतो: मोठ्या माइकच्या वायरीसाठी दोन एक्सएलआर इनपुट, कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज म्हणजे फँटम पॉवर, यूएसबीवर ऑडिओ इंटरफेस. आधीचा डीआर-४० दिसायला बराचसा तसाच, फँटमही त्यात आहे, पण त्याची यूएसबी फक्त फाइली कॉपी करायला. संगणकाला तो पेन ड्राइव्हच वाटतो. यूएसबीचं भोक आहे म्हणजे इंटरफेस आहे असं कधीच धरू नका.

जाहिरातीत डीआर-४०एक्स लिहिलं होतं, किंमत १४,५००. घासाघीस करून ११,८०० ठरले. २,००० टोकन, उरलेले ९,८०० पाठवण्याआधी, कुरियरचे ३५० वेगळे. आधी पैसे, मग वस्तू, फसवणुकीची पद्धत तीच, सगळ्यांना माहीत असलेली. मलाही माहीत होती, म्हणूनच मी व्हिडिओ कॉलवर मशीन चालवून दाखवायला सांगितलं. विकणारा अहिराणीत बोलत होता. "तू आपला माणूस शे भाऊ, तुले खोटं कसाले सांगसू?" आपल्या बोलीत कोणी असं म्हटल्यावर समोरच्याला चोर कोण समजेल?

त्याने रेकॉर्डर लॅपटॉपला जोडला, प्रोग्राम उघडला, बोलला, पडद्यावर लाटा उठल्या. तिथेच सगळं समोर होतं. मी कॉलचा स्क्रीनशॉट काढला होता, तो आता मोठा करून पाहिला की अंगाचा तिळपापड होतो. माइकच्या रकान्यात नाव आहे 'मायक्रोफोन अ‍ॅरे'. तो लॅपटॉपचा स्वतःचा माइक! रेकॉर्डर नुसता वायर लावून शेजारी पडलेला, आणि आवाज जात होता लॅपटॉपच्या कडेच्या भोकातून. पण सहा इंची मोबाइलवर, हलत्या कॅमेऱ्यात, ती बारीक अक्षरं कोणाला दिसतात? तुम्ही विकणाऱ्याला वायर उपटायला सांगा. लाटा चालूच राहिल्या तर फोन ठेवा.

पार्सल आलं. लॅपटॉपला जोडलं तर साउंडच्या यादीत काहीच नाही, नुसतं कार्डाचं फोल्डर उघडलं. मशीनवरच्या नावातला 'एक्स' नखाने खरवडला तर निघून हातात आला. स्टिकर होतं. फोन केला तर म्हणाला, हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या माइकमध्ये घाला, तेच ते. तेच ते कसं? तिथे लेव्हल जुळत नाही, आवाज फाटतो, खरखर येते. आणि तेच करायचं होतं तर मी एक्सचे पैसे कशाला मोजले? त्यानंतर नंबर ब्लॉक.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हा नंबर पैसे गेल्या गेल्या लावा. रक्कम समोरच्याच्या खात्यात असेपर्यंतच अडवता येते. माझे तोवर निघून गेले होते. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. पोलीस ठाण्यात तर वेगळीच तऱ्हा. "पार्सल आलं ना? मशीन चालतं ना? आवाज येतो ना? मग फसवणूक कसली?" मी इंटरफेस म्हणजे काय ते सांगत राहिलो, साहेब फोनवर बोलत राहिले. मग म्हणे तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. मग म्हणे अर्ज देऊन जा. अर्जाची पोच मागितली तर कपाळाला आठ्या. दहा हजारांच्या मोबाइलऐवजी डब्यात वीट निघाली असती तर यांना कळलं असतं. इथे वस्तूच अशी निवडलेली की ठाण्यात कोणाला फरक समजूच नये. चोराला हे पक्कं ठाऊक असतं.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे. आणि नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्याने घ्यायची. हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. नाही घेतली तर त्याच कलमाखाली लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते. मी पाठवली आहे. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैशांच्या पावत्या, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जोडला. तो व्हिडिओ काढायला विसरू नका.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली, नाव दुसरं, किंमत १३,०००. फोटो जुनेच. डावीकडच्या माइकच्या पट्टीवर आडवा ओरखडा आहे. ते मशीन माझ्या घरी आहे, तो ते कोणालाही पाठवू शकत नाही. ओरखडा दिसला तर एक रुपयाही टाकू नका, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.