एईडी निवडताना ज्यूल नंतर बघा: पाच यंत्रांची तुलना

एईडी, म्हणजे अचानक बंद पडलेल्या हृदयाला छातीवरून विजेचा शॉक देणारं छोटं यंत्र, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो, "सगळ्यात ताकदीचं यंत्र कोणतं?" माहितीपत्रकंही त्यालाच खतपाणी घालतात. कुणाचा शॉक १५० ज्यूलचा, कुणाचा ३६० ज्यूलचा. माझं मत असं, की ज्यूल पाहून निवड करू नये. प्रसंग ओढवेल तेव्हा डबा उघडणारा माणूस घाबरलेला असेल, कदाचित त्याने कधीच सराव केलेला नसेल. अशा माणसाकडून यंत्र काय करून घेऊ शकतं, आणि भिंतीवर चार वर्षं टांगून राहिल्यावरही ते चालू अवस्थेत असेल का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर निवड व्हायला हवी.

आधी यंत्राचं नेमकं काम पाहू. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो, पण बहुतेक वेळा हृदय चालू असतं आणि माणूस बोलतही असतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदय रक्त पुढे ढकलणंच थांबवतं. माणूस काही सेकंदांत कोसळतो, हाका मारून उठत नाही, श्वास बंद पडतो किंवा नुसते आचके येतात. एईडी या दुसऱ्या प्रसंगासाठी आहे. त्यातही हृदय नुसतं थरथरत असेल, म्हणजे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन असेल, किंवा नाडी लागत नाही इतक्या वेगाने ते धावत असेल, तरच यंत्र शॉक देऊ देतं. सरळ रेष आली तर देत नाही, कारण तिथे शॉकचा उपयोग नसतो, छाती दाबत राहणं हाच उपाय असतो. ही तपासणी नावाजलेल्या प्रत्येक कंपनीचं यंत्र स्वतःच करतं. त्यामुळे "आपल्या हातून चुकून शॉक बसला तर?" या भीतीने एखादं मॉडेल बाद करू नका.

वेळेचं गणित मात्र कठोर आहे. मदत मिळाली नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांच्या हाती एईडी देऊन केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कुणाच्या तरी डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि फिब्रिलेशन असलेल्या ज्या लोकांना ३ मिनिटांच्या आत पहिला शॉक मिळाला, त्यांतले ७४ टक्के वाचले. ३ मिनिटांनंतर मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. ती यंत्रं आजच्या मानाने जुनी होती, तरी हा निकाल आला, कारण ती जवळ होती. म्हणून एक भारी यंत्र तळमजल्यावर कुलपात ठेवण्यापेक्षा दोन साधी यंत्रं दोन टोकांना उघड्यावर ठेवणं मला केव्हाही पटतं.

तुलना

फिलिप्सचं हार्टस्टार्ट ऑनसाइट हे सगळ्यात सोपं यंत्र मानलं जातं, आणि ते रास्त आहे. वजन साधारण दीड किलो. हिरवी मूठ ओढली की ते बोलायला लागतं. आधी कपडे काढायला सांगतं, मग पॅड (शॉक पोचवणाऱ्या चिकट पट्ट्या) लावायला, आणि तुमच्या गतीप्रमाणे थांबत थांबत पुढे जातं. अमेरिकेत २००४ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घरासाठी विकायला परवानगी मिळालेलं पहिलं एईडी याच घराण्यातलं. पण दोन उणिवा आहेत. धूळ-पाण्यापासूनचं संरक्षण आयपी २१ (हे आकडे जितके मोठे तितकं संरक्षण जास्त), म्हणजे घराच्या आत ठीक, मैदानावर नको. शिवाय ते छाती दाबण्याचा ताल ऐकवतं, पण तुम्ही बरोबर दाबताय की नाही हे त्याला कळत नाही.

त्याचंच दणकट भावंड म्हणजे हार्टस्टार्ट एफआरएक्स. आयपी ५५, त्यामुळे गाडीत, बोटीवर, क्रीडांगणावर चालतं. लहान मुलासाठी वेगळे पॅड लागत नाहीत. एक चावी खोचली की ऊर्जा कमी होते आणि सूचनाही मुलासाठीच्या होतात. कल्पना छान आहे, पण ती चावी यंत्राला बांधलेलीच राहील हे बघावं लागतं. छाती दाबण्याचं मोजमाप इथेही नाही.

हार्टसाइन समॅरिटन पॅड ५००पी जेमतेम ११०० ग्रॅमचं आणि आयपी ५६. त्याची खरी खुबी देखभालीत आहे. बॅटरी आणि पॅड एकाच पेटीत येतात, त्या पेटीवर एकच तारीख असते, आणि चार वर्षांनी ती एक वस्तू बदलली की झालं. छाती दाबताना "जोरात दाबा", "हळू" अशा सूचना ते देतं. त्यासाठी वेगळा सेन्सर नाही, पॅडमधूनच मिळणाऱ्या विद्युत संकेतांवरून ते अंदाज घेतं. म्हणजे खोली सेंटिमीटरमध्ये मोजली जात नाही, पण जोर आणि वेग कमी पडतोय हे कळतं, आणि नवख्याला तेवढंही खूप असतं. एक ते आठ वर्षांच्या मुलांसाठी मात्र वेगळी पेटी घेऊन ठेवावी लागते.

झोल एईडी प्लस तीन किलोच्या आसपास, या पाचांत सगळ्यात जड, आणि दिसायला जुनाट. तरीही मला त्याच्याबद्दल आदर आहे. दोन्ही पॅड एकाच तुकड्यात जोडलेले असतात आणि मधला भाग थेट छातीच्या हाडावर येतो. तळवा तिथेच ठेवायचा. त्यातला सेन्सर प्रत्येक दाबाची खोली खरोखर मोजतो आणि कमी पडली तर सांगतो. पॅड आणि बॅटऱ्या दोन्ही पाच वर्षं टिकतात. बॅटऱ्याही १२३ प्रकारच्या लिथियम, कॅमेऱ्यात घालतात तशा, फक्त एकदम दहा लागतात आणि त्या कंपनीने सांगितलेल्याच असाव्या लागतात.

लाइफपॅक सीआर२ हे पाचांतलं आधुनिक. बाकीची यंत्रं हृदयाची लय तपासताना "रुग्णाला हात लावू नका" म्हणून थांबवतात. हे यंत्र दाब चालू असतानाच तपासतं, त्यामुळे खंड कमी पडतो. हा खंड महागात पडणारा असतो, कारण दाब थांबला की मेंदूकडे जाणारं रक्त लगेच घटतं. मुलांसाठी तेच पॅड चालतात, फक्त एक बटण दाबायचं. संरक्षण आयपी ५५. वायफायने जोडलं तर बॅटरी उतरली किंवा यंत्र जागेवरून हललं याची सूचना सांभाळणाऱ्याला जाते.

ज्यूलचं काय?

ऑनसाइट आणि एफआरएक्स मोठ्या माणसाला दर वेळी १५० ज्यूल देतात, झोल १२०, १५०, २०० असं चढत जातं, सीआर२ २००, ३००, ३६० असं. प्रत्येक कंपनीच्या विद्युत लाटेचा आकार वेगळा असल्याने हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वजन करण्यात अर्थ नाही. कॅनडात झालेल्या एका अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, एकापेक्षा जास्त शॉक लागलेल्या रुग्णांत चढत्या ऊर्जेने लय जास्त वेळा परत आली. जिवंत घरी जाण्याच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. सगळी यंत्रं सारखीच असतील आणि दुसरा कुठलाच निकष उरला नसेल, तेव्हा चढत्या ऊर्जेला थोडं झुकतं माप द्या. त्याआधी नको.

बटण हवं की नको

अर्धस्वयंचलित यंत्र शॉक लागणार हे सांगतं आणि बटण दाबायला लावतं. पूर्ण स्वयंचलित यंत्र "दूर व्हा" म्हणून इशारा देतं आणि स्वतः शॉक देतं. सराव केलेली चार माणसं जिथे कायम असतात, तिथे बटणवालं घ्यावं, सगळे दूर झाल्याची खात्री माणूस करतो. जिथे कोण धावून येईल याचा भरवसाच नाही, तिथे स्वयंचलित बरं. बोट बटणावर अडकून राहणं ही खरी अडचण आहे, धैर्य कमी असण्याशी तिचा संबंध नाही.

घरासाठी घ्यावं का?

इथे मन घट्ट करून आकडे बघायला हवेत. अरेस्ट बहुतांशी घरातच होतात, त्यामुळे घरी एईडी असणं उघडच शहाणपणाचं वाटतं. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ७००१ रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरी एईडी दिलं, निम्म्यांच्या घरी फक्त सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याची पद्धत) शिकवला. मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. ३२ जणांवर यंत्र वापरलं गेलं, १४ जणांना योग्य शॉक मिळाला, ४ जण वाचून घरी गेले. त्या चौघांसाठी ते सर्वस्व होतं हे खरंच. पण घरात माणूस एकटा असेल, किंवा रात्री झोपेत कोसळला, तर पलीकडच्या खोलीतलं यंत्र काही करू शकत नाही. म्हणून ज्याचा धोका खूप मोठा आहे त्याने आधी डॉक्टरांना आयसीडीबद्दल, म्हणजे शरीरात बसवायच्या आणि गरज पडली की स्वतःच शॉक देणाऱ्या यंत्राबद्दल, विचारावं. आणि घरातल्या प्रत्येकाने सीपीआर शिकावा, मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. त्यानंतरही यंत्र घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. घरासाठी मी ऑनसाइट किंवा हार्टसाइन सुचवेन.

मी काय घेईन

देखभालीला माणूस नाही अशा छोट्या जागेसाठी हार्टसाइन ५००पी. एक तारीख लक्षात ठेवणं जमतं, दोन ठेवणं हळूहळू सुटतं, आणि मुदत संपलेल्या पॅडचा जेल वाळला की तो छातीला नीट चिकटत नाही. शाळेसाठी सीआर२, कारण मुलांचे पॅड शोधायची धावपळ उरत नाही. तेवढी ऐपत नसेल तर चावीसकट एफआरएक्स. मुलांचे पॅड हाताशी नसतील तर मोठ्यांचे लावायचे, एक छातीवर आणि एक पाठीवर. काहीच न लावण्यापेक्षा ते कितीतरी बरं. कर्मचारी दरवर्षी सराव करतात अशा कारखान्यात किंवा व्यायामशाळेत मी झोल घेईन, दाबाची खोली मोजणारं यंत्र सरावातल्या माणसाला आणखी चांगलं करतं. अनेक इमारतींत मिळून दहा-वीस यंत्रं लागणार असतील तर वायफायची सोय चैन राहत नाही, गरज होते.

विक्रेत्याकडे मागायच्या गोष्टी थोड्याच. यंत्र तुमच्या लोकांना कळणाऱ्या भाषेत बोलतं का, ते समोर चालू करून ऐका. पॅड-बॅटरीची मुदत यंत्र हातात येईल त्या दिवशी किती उरलेली असेल, ते लेखी घ्या. पुढची आठ वर्षं सुटे भाग मिळतील का, विचारा. जुनं, वापरलेलं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर त्याचे पॅड अजून बनतात का हे आधी तपासा.

यंत्राशेजारच्या पिशवीत कात्री, हातमोजे, टॉवेल आणि दाढीचं रेझर ठेवा. ओल्या किंवा दाट केसांच्या छातीवर पॅड धरत नाही, आणि त्या घाईत रेझर शोधायला कुणी जाऊ शकत नाही. यंत्रावरचा हिरवा दिवा किंवा खूण दर आठवड्याला बघायचं काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा, आणि तो रजेवर गेला तर कुणी बघायचं तेही लिहा.