ल्युकेमियाच्या पेशींवर औषधं तपासायची तर एमटीटी की फ्लो?

एमटीटी म्हणजे जिवंत पेशींनी बनवलेला जांभळा रंग मोजणारी टेस्ट, आणि फ्लो म्हणजे फ्लो सायटोमेट्री, लेझरने एकेक पेशी तपासायची पद्धत. दोन्ही वापरून झालंय, सध्या फ्लोवर आहे, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते दिसेलच.

एमटीटीला कमी लेखायचं नाहीये हं. १९८३ मध्ये मोसमनने मांडलेली पद्धत, पुढे नेदरलँड्समधल्या लोकांनी लहान मुलांच्या एएलएलवर (लिम्फॉइड पेशींचा तीव्र ल्युकेमिया) ती वापरून प्रेडनिसोलोन, व्हिन्क्रिस्टिन आणि अ‍ॅस्पॅरॅजिनेज या तीन औषधांचा मिळून प्रोफाइल काढला आणि तो उपचारांच्या पुढच्या निकालाशी जुळला, असा पाया फार कमी टेस्टना असतो. छोट्या खळग्यांच्या (वेल) एका प्लेटवर बरीच औषधं बसतात, मशीनही साधंच लागतं.

पण मला ज्या गोष्टीने छळलं ती म्हणजे जांभळा रंग नक्की कोणाचा हेच कळत नाही. ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपक्व पेशी) असो, लिम्फोसाइट असो की मोनोसाइट, जिवंत पेशी फॉर्मझान, म्हणजे तो जांभळा रंग, बनवणारच. म्हणजे सॅम्पलमध्ये ब्लास्ट निम्मेच असतील आणि औषधाने ते मेले तरी बाकीच्या पेशी रंग देत राहतात आणि रंग मोजणारा रीडर सांगतो रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही! म्हणून तर चार दिवसांनंतरही औषध न घातलेल्या कंट्रोल वेलमध्ये साधारण ७०% ब्लास्ट हवेत असा दंडक आहे, त्यासाठी परत स्लाइड करून मोजा, आणि कमी भरले की सगळी प्लेट बाद. ते फार जिवावर येतं, कारण तेवढ्यासाठी कोणाला पुन्हा बोन मॅरो द्यायला लावायचं?

फ्लोमध्ये सीडी४५ (पेशीवरचं एक प्रथिन) आणि साइड स्कॅटर (पेशीवरून बाजूला विखुरणारा प्रकाश) यांवर ब्लास्ट वेगळे काढले की अ‍ॅनेक्सिन आणि ७-एएडी या मरणाऱ्या आणि मेलेल्या पेशी दाखवणाऱ्या खुणा फक्त त्यांच्यावर बघता येतं, आणि त्याच वेलमधल्या नॉर्मल लिम्फोसाइटना औषधाचा किती फटका बसला तेही दिसतं, हे मला खूप मोलाचं वाटतं.

त्रास इथेही आहेत. मेलेल्या पेशींचा चुरा होऊन त्या मोजणीतून निसटतात, म्हणून नुसत्या टक्केवारीवर जाऊ नका, काउंटिंग बीड्स (ठरलेल्या संख्येचे मणी, ज्यांच्या तुलनेत पेशींची खरी संख्या कळते) घालाच. सायक्लोफॉस्फमाइड तर दोन्हीकडे थेट चालत नाही, ते लिव्हरमध्ये अ‍ॅक्टिव्ह होतं, त्याऐवजी मॅफॉसफमाइड घ्यावं लागतं.

तुमच्याकडे बहुतेक नवीन एएलएलची, ब्लास्टने भरलेली सॅम्पल येत असतील आणि औषधांची यादी लांब असेल तर एमटीटी बहुधा पुरेल. पण एएमएल (मायलॉइड पेशींचा तीव्र ल्युकेमिया) किंवा मिश्र सॅम्पल जास्त असतील तर माझ्या मते फ्लोच घ्या, फक्त गेटिंग (आलेखावर हव्या त्या पेशी वेगळ्या निवडणं) शक्यतो एकाच माणसाकडे ठेवा, माणूस बदलला की आकडे हलतात.