कायद्याचा अर्थ: न्यायालयाचा निकाल की कायदेमंडळाची दुरुस्ती?

कायद्याचे शब्द अपुरे पडले की न्यायालय त्यांचा अन्वयार्थ लावते किंवा कायदेमंडळ मजकूरच बदलते. न्यायालय समोरच्या वादापुरते बोलते, परंतु वरिष्ठ न्यायालयाचा निकाल पुढील प्रकरणांनाही बांधून ठेवतो.

विशाखा प्रकरणात 1997 साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा नसताना, राज्यघटनेतील समानतेच्या व जीविताच्या हक्कांच्या आधारे मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि कायदा होईपर्यंत ती बंधनकारक ठरवली. संसदेचा कायदा आला 2013 मध्ये. हा विलंब असमर्थनीय होता; तरीही घरकामगार स्त्रियांचा स्पष्ट समावेश, जिल्हा पातळीवरील तक्रार समिती आणि अंतर्गत समिती न नेमणाऱ्या मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड, एवढा तपशील कायद्यानेच दिला. म्हणूनच तातडीच्या संरक्षणासाठी न्यायालयाचा मार्ग मला श्रेयस्कर वाटतो. दंड आणि यंत्रणा उभारण्याचे काम मात्र कायदेमंडळाचेच आहे.

अमेरिकेत नेमके उलट घडले. कर्मचारी लिली लेडबेटर यांच्या, स्त्री म्हणून कमी वेतन मिळाल्याच्या दाव्यात 2007 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तक्रारीची 180 दिवसांची मुदत मूळ वेतननिर्णयापासून मोजली. त्यामुळे पगारातील तफावत उशिरा कळलेल्या कर्मचाऱ्याचा हक्कच बुडत होता. प्रत्येक भेदभावपूर्ण पगारागणिक मुदत नव्याने सुरू होते, असे काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) 2009 च्या कायद्याने स्पष्ट केले. त्या कायद्याला लेडबेटर यांचेच नाव आहे, पण त्यांना स्वतःला भरपाई मिळाली नाही.