गाडीच्या मॉडेलवर एअरब्रश: नऊ महिने वापरून झाल्यावर

एअरब्रश म्हणजे हवेच्या दाबाने रंगाचा बारीक फवारा मारणारं पेनासारखं अवजार. माझा एअरब्रश डबल अ‍ॅक्शन प्रकारचा आहे. ट्रिगर खाली दाबला की हवा येते, मागे ओढला की रंग. रंगाचा कप वरच्या बाजूला, फवारा बाहेर पडतो ते नोझल ०.३ मिमी. सोबत ३ लिटर टाकीचा छोटा कॉम्प्रेसर. नऊ महिन्यांत यातून पाच गाड्यांच्या बॉड्या रंगवून झाल्या, सगळ्या प्लास्टिकच्या आणि १/२४ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या. त्याआधी चार वर्षं मी स्प्रे कॅनवरच काम करत होते, त्यामुळे दोन्हींतला फरक हाताला चांगला ठाऊक आहे.

एअरब्रश घ्यावासा वाटला तो फोक्सवॅगन बीटल गाडीच्या एका मॉडेलमुळे. खऱ्या बीटलच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४०० मिमी असतं, म्हणजे १/२४ मध्ये बरोबर १०० मिमी. मी पट्टी लावून पाहिली तर माप तंतोतंत बसलं. त्या दिवशी फार आनंद झाला. पण त्याच गाडीवर कॅनने रंग दिला आणि दाराची फट जवळजवळ बुजून गेली. मापाला इतकी चोख असलेली गाडी रंगाच्या थराखाली खेळण्यासारखी दिसायला लागली.

असं का होतं ते आकड्यांत बघा. खऱ्या गाडीवर प्रायमरपासून (रंगाआधीचा तळाचा हात) क्लिअर कोटपर्यंतचा (शेवटचा पारदर्शक हात) सगळा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याला २४ ने भागलं तर ४ ते ६ मायक्रॉन येतात. इतका पातळ थर मॉडेलवर कुणालाच देता येत नाही. खऱ्या दाराची ४-५ मिमीची फट मॉडेलवर ०.२ मिमीची होते, आणि तिच्या दोन्ही कडांवर ०.१ मिमी रंग चढला की फट संपली. मॉडेलच्या सुट्या भागांच्या किटमध्ये ती थोडी रुंदच दिलेली असते, तरी जाड हातापुढे तिचा टिकाव लागत नाही. म्हणून रंगाआधी स्क्रायबर नावाच्या टोकदार कोरणीने प्रत्येक फट हलकेच खोल करून घ्यावी, हे काम एअरब्रश आला तरी चुकत नाही. एअरब्रशने मला दिला तो थरावरचा ताबा. किती रंग जाईल, किती जवळून आणि किती वेळ, हे तिन्ही माझ्या बोटात आलं. कॅनचं बटण दाबलं की तो त्याच्या मर्जीने ओततो.

आता प्रत्यक्ष काम. बॉडी आधी भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवायची, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश तिच्यावर राहिलेला असू शकतो. मग साच्याच्या जोडाच्या रेषा शोधायच्या. त्या बहुतेक वेळा फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) माथ्यावरून आणि छताच्या खांबांवरून जातात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण नखाला लागतात. ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून त्या काढायच्या. करड्या प्रायमरचा एक पातळ हात दिला की राहून गेलेलं सगळं उघडं पडतं. प्लास्टिक लाल असेल आणि वर पांढरा किंवा पिवळा रंग द्यायचा असेल तर मध्ये चंदेरी रंगाचा थर द्या. लाल प्लास्टिकमधला रंग वर झिरपून पांढरा गुलाबी पडतो. एका बॉडीवर हे मला तीन आठवड्यांनी दिसलं, तोवर क्लिअर कोटही देऊन झाला होता.

रंग दुधाइतका पातळ हवा असं सगळे सांगतात, ते बरोबर आहे, पण खरा अंदाज कपाच्या भिंतीवर येतो. ढवळलेली काडी कपाच्या आतल्या बाजूला टेकवायची. रंग झरकन खाली सरकून मागे पातळ पारदर्शक पडदा राहिला तर जमलं. अ‍ॅक्रिलिकमध्ये मी एक भाग रंगाला दीड ते दोन भाग थिनर घालते. दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर ८-१० सेंटीमीटर. पहिला हात नुसत्या धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसत राहील इतकाच. आधी कडा, चाकांच्या कमानी, दारांचे काठ. ओला रंग धारदार काठावरून मागे सरकतो, म्हणून तिथे आधी बारीक थर बसलेला असावा लागतो. मग छत, मग बाजू.

शेवटचा ओला हात मात्र शब्दांत सांगणं अवघड आहे. दिवा समोर आणि थोडा वर ठेवून बॉडीवरचं त्याचं प्रतिबिंब बघत राहायचं. हात सरकतो तसं खडबडीत, कोरड्या दिसणाऱ्या पृष्ठभागावर एक ओली चकचकीत रेघ मागून येते. ती रेघ अखंड राहिली पाहिजे. हात जोरात गेला तर ती तुटते आणि वाळल्यावर संत्र्याच्या सालीसारखा पोत राहतो. हात रेंगाळला तर दाराखालच्या काठावर थेंब जमून ओघळ येतो. या दोन्हींच्या मध्ये वेगाचा एक अरुंद पट्टा आहे. तो सापडायला मला तिसरी बॉडी उजाडावी लागली, आणि त्या आधी मी प्लास्टिकच्या चमच्यांच्या पाठीवर भरपूर सराव केला. चमच्याचा बाक फेंडरसारखाच असतो, सरावाला याहून चांगलं काही नाही.

दुसऱ्या गाडीचं नुकसान झालं ते हवेतल्या पाण्यामुळे. पावसाळी दिवस होता, काम छान चाललं होतं, शेवटचा हात छतावर फिरत होता आणि नोझलमधून रंगाबरोबर पाण्याचा एक थेंब फटकन आला. छताच्या बरोबर मधोमध, मसुराएवढा पांढुरका डाग. कॉम्प्रेसरबरोबर आलेल्या पाणी गाळणाऱ्या फिल्टरचं सील नीट बसलेलं नव्हतं, विकणाऱ्याकडे तक्रार केली तर उत्तरसुद्धा आलं नाही. मी पुसण्याच्या फंदात पडले नाही. रंग अ‍ॅक्रिलिक होता, म्हणून बॉडी रात्रभर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवली, सकाळी जुन्या टूथब्रशने रंग काढला आणि पुन्हा सुरुवात केली. प्रायमर लॅकरचा, म्हणजे या अल्कोहोलने न निघणाऱ्या प्रकारचा होता, तो जागच्या जागी राहिला. तेव्हापासून नळीच्या एअरब्रशकडच्या टोकाला दुसरा छोटा फिल्टर लावलाय आणि प्रत्येक वेळी टाकीचं पाणी काढल्याशिवाय सुरुवात करत नाही. टाकीवाला कॉम्प्रेसर घेण्याचा निर्णय मात्र पूर्ण योग्य ठरला. हवा धडधडत येत नाही, एकसारखी येते.

खरेदीआधी कुणी नीट सांगितलं नव्हतं ते स्वच्छतेबद्दल. दहा मिनिटं रंग आणि पंधरा मिनिटं सफाई, हा हिशोब नऊ महिन्यांत बदललेला नाही. अ‍ॅक्रिलिक सुईच्या टोकावर वाळतो, मग रंग थुंकल्यासारखा उडतो. दर दोन-तीन मिनिटांनी थिनरमध्ये भिजवलेला बोळा टोकाला टेकवायची सवय लावून घ्यावी लागते. सुई बाहेर काढताना माझ्याकडून एकदा तिचं टोक टेबलावर टेकलं. केसाएवढाही बाक नव्हता, पण फवारा डावीकडे जायला लागला. काचेवर लोळवून सरळ करून पाहिली, काम भागलं पण पहिली धार गेली. शेवटी नवी सुई घेतली. नोझल तर त्याहून नाजूक, जरा जास्त आवळलं की आटे तुटतात. सुई आणि नोझलचा एक जास्तीचा जोड सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

क्लिअर कोटनंतर घाई करू नका. बॉडी नाकाजवळ नेऊन वास घ्या, थिनरचा वास येतोय तोवर ती आतून वाळलेली नाही. मी निदान दोन आठवडे थांबते. मग २००० पासून वर चढत जाणारे पेपर आणि शेवटी पॉलिशिंग कंपाऊंड. कडांवर रंग सर्वात पातळ असतो, तिथे पेपर लागला की खालचा प्रायमर दिसतो, म्हणून घासताना कडांवर मास्किंग टेपची बारीक पट्टी चिकटवून ठेवते.

क्रोमच्या पट्ट्यांना मी एअरब्रश लावत नाही. तिथे मागून चिकट असलेली धातूची फॉइल आणि नवीन ब्लेड, दुसरं काही नको. बंपरचं किटमधलं क्रोम मात्र ब्लीचमध्ये टाकून काढते, जोडाची खूण घासते, चकचकीत काळा थर देते आणि त्यावर क्रोम रंगाचा अगदी पातळ हात. खालचा काळा जितका गुळगुळीत, तितका आरसा वर उमटतो.

हाताला रंगाची सवय झाल्यावर मग गाडीत बदल करायची हिंमत आली. बीटलला दुसरी चाकं बसवली, पुढून जरा खाली घेतली आणि मागच्या इंजिनाला प्लगच्या वायरी जोडल्या. खरी वायर ७ मिमी जाडीची, १/२४ मध्ये ती जेमतेम ०.३ मिमी. तांब्याची एकेरी तार काळी रंगवून, सिलिंडरच्या १-४-३-२ या क्रमाने डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना ठिणगीची वीज वाटणारा भाग) लावली. भाच्याने मागचं झाकण उघडून बघितलं आणि विचारलं, “आत्या, याचं इंजिन मागे कसं?” मग अर्धा तास हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर बोलणं झालं.

मास्क सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या काडतुसांचाच हवा. साधा धुळीचा मास्क थिनरच्या वाफेला अडवत नाही. दोन घटक मिसळून वापरायचा युरेथेन क्लिअर कोट सुंदर चमकतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासाला घातक आहे. बाहेर हवा फेकणारा नीट बूथ माझ्याकडे नाही, म्हणून मी तो घरात आणलेला नाही.

पहिलीच गाडी करणाऱ्याने हे घ्यावं का? माझ्या मते नाही. दोन-तीन गाड्या कॅनने करा, पेपर आणि पॉलिश शिका. घासणं आलं नाही तर एअरब्रश काही वाचवू शकत नाही. आवडता कॅनचा रंग नंतरही फुकट जात नाही. तो नळीने बाटलीत काढून, त्यातला गॅस पूर्ण निघेपर्यंत झाकण सैल ठेवून थांबलं की एअरब्रशमधून छान चालतो. माझे सध्याचे निळे आणि हिरवे बहुतेक असेच काढलेले आहेत.

नऊ महिन्यांनी अवस्था अशी: ट्रिगर पहिल्या दिवशीसारखा मऊ, कपाच्या आतला मुलामा थोडा फिका, सुई दुसरी, नोझल मूळचंच. सहावी बॉडी प्रायमर लावून धुळीपासून वाचावी म्हणून डब्याखाली झाकून ठेवलीय. तिच्या दारांच्या फटी मी या वेळी दोनदा कोरल्यात.